दारातला बॉबिनचा प्रश्न

मी शिलाई मशीनवाल्यांचा फोरम बोलतोय. हो, इंटरनेटवरचा. मला ना हात ना पाय, पण गप्पा म्हणाल तर भरपूर!

मला एका मशीन-मेकॅनिकने सुरू केलं. त्याला सगळे दादा म्हणतात. दुकानात एकटा बसून कंटाळायचा बिचारा. बघता बघता शिंपी, मेकॅनिक, घरी फ्रॉक शिवणाऱ्या ताया अशी माणसं जमली. रीत एकच: मशीन सुरू झालं की परत येऊन सांगायचं. "चाललं हो!" एवढं वाचलं की दादा दिवसभर खुशीत.

मग नको ते पाहुणे आले. "फारच छान माहिती!" म्हणायचे आणि खाली केस उगवायच्या औषधाची लिंक चिकटवायचे. दादा भोळा. त्यांनाही विचारायचा, "तुमचं मशीन कुठलं?"

तिकडे नकली साइट्सनी माझी उत्तरं उचलली, ओळीओळीत "शिलाई मशीन" कोंबलं आणि इंटरनेटवरच्या शोधात माझ्या डोक्यावर जाऊन बसल्या. मी पार तळाला गेलो. फार वाईट वाटलं.

दादा वैतागला. नवीन येणाऱ्यासाठी त्याने दारातच प्रश्न ठेवला: खालचा धागा सैल आला तर कुठला स्क्रू आवळाल? "आता बघतो हे लिंकवाले कसे घुसतात!"

घुसलेच की! बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या रिळाच्या डबीचा स्क्रू, हे उत्तर माझ्याच पानांवर होतं. त्यांच्या प्रोग्रॅमने उचललं. अडकले ते शिकाऊ. प्रश्न वाचायचे, काहीबाही लिहायचे, निघून जायचे. मला मेलं ओरडताही येईना! जाहिरातींच्या कचऱ्याला कंटाळून जुनी मंडळीही पांगली. "बंदच करतो आता," दादा म्हणाला.

तो मला बंद करायला बसला, तोच भाचीचा फोन. तिने नवं मशीन घेतलं होतं. "मामा, तुझा फोरम मला आतच घेईना! ते स्क्रूबिक्रू येत असतं तर आले असते कशाला?"

दादाने फोन ठेवला आणि मला बंद करायचं सोडून दिलं. मग त्याने तो प्रश्न काढून टाकला. आता रोज सकाळी शिव्या घालत, हाताने कचरा काढतो.

काल एका बाईंनी भीतभीत लिहिलं, "हसू नका, पण सुई कुठल्या बाजूने बसवायची?" दादाने एवढं लांबलचक उत्तर दिलं की बाई दमल्याच असतील. मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

माझ्याकडे कचरा आहे, नाही म्हणत नाही. पण पलीकडे खरा माणूस बसलाय, कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघत. लाजू नका. येत नाही म्हणूनच या.