पुस्तकातल्या रेनडिअरचे कान

उप्सालाला हिवाळ्यात भरणाऱ्या डिस्टिंगच्या बाजाराला यंदा इस्सात येतोय, असा निरोप एका कातडीवाल्याने आणला आणि तेव्हापासून राव्नाचं कशात लक्ष लागेना. एकोणीस वर्षांनी धाकटा भाऊ भेटणार म्हणजे आनंदच होता. पण त्याला एक गोष्ट विचारायची होती, आणि उत्तराची तिला भीती वाटत होती.

एकोणीस वर्षांपूर्वी डोंगर सोडून ती लाकडी ठसे कोरणाऱ्या टोर्केलची बायको झाली आणि उप्सालाला आली. निघताना तिचा बा तंबूच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "जा. तुझी खूण आता एकाही पाडसाच्या कानावर पडायची नाही." ती खूण, म्हणजे आपल्या मालकीच्या रेनडिअरच्या कानावर घालायचा काप, तिला जन्माबरोबर मिळालेली: डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून दोन खाचा. ज्या खुणेचं एकही जनावर कळपात चालत नाही ती खूण मेली, असं तिच्या लोकांत धरतात. आणि खूण मेली की कळपात त्या माणसाचं काही राहत नाही; ती खूण दुसऱ्या कुणालाही देता येते.

इस्सात आला तो धुराचा वास घेऊनच. तो वास नाकात शिरला आणि राव्नाला एकदम रडू फुटलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ जमिनीवर बैठक मारली.

"खुर्ची आहे की रे."

"असू दे तिच्या जागी. ताई, तू जाड झालीस."

"आणि तुझे दात कुठे गेले?"

"तुझ्यासाठी जीभ वाळवत होतो, त्यात गेले," असं म्हणत त्याने पिशवीतून रेनडिअरची वाळवलेली जीभ काढली. दोघांनी ती सुरीने कापून खाल्ली. 

मग तिने फळीवरून पुस्तक काढलं. उत्तरेची माणसं, बर्फ, पक्षी, मासे असं सगळं चित्रांसकट सांगणारा हा जाडजूड ग्रंथ एका विद्वान गृहस्थांनी लिहिला होता. स्वारी गावच्या पुलापलीकडे कधी गेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या रेनडिअरला बोकडाची दाढी होती आणि देवमासा डुकरासारखा दिसत होता. चित्रांचे ठसे टोर्केलने कोरले होते. इस्सात एकेक पान उलटत पोट धरून हसत होता.

"हा कोण? बर्फावर घसरतोय की बायकोपासून पळतोय?"

हसता हसता तो एका पानावर थांबला. घसरगाडीला जुंपलेली रेनडिअर होती. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही जोव्नाची आहे."

राव्नाने जीभ चावली. दहा वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती, आणि ज्याला हे दिसेल असा एकही माणूस या शहरात नव्हता. जोव्ना म्हणजे नदीपलीकडचा शेजारी. त्याचा आणि बाचा जन्मभर छत्तीसचा आकडा.

"बाने ज्याच्याशी चाळीस वर्षं भांडण केलं त्याला तू आपली रेनडिअर देऊन टाकलीस?"

"मी नाही रे दिली. चित्रात तिचे कान अख्खे होते. बिनखुणेचं जनावर, इस्सात. दिवसभर ठसा समोर पडलेला, माझ्याच्याने बघवेना. टोर्केल जेवायला गेला तशी मी पटाशी घेतली आणि माझी खूण घातली. डाव्याला डावी, उजव्याला उजवी."

"मग?"

"छापल्यावर डावा तो उजवा होतो, आणि माझी खूण उलटी केली की जोव्नाची. घरात सगळा जन्म ठसे बघते मी, पण त्या वेळी ते मला लाकूड दिसलंच नाही. मला जनावर दिसलं. कळलं तेव्हा तीनशे पानं दोरीवर वाळत होती."

इस्सात इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तीनशे! जोव्नाचा कळप एवढा कधीच नव्हता."

ती हसली नाही. त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "माझी खूण कुणाला दिलीत?"

 इस्सातने कमरेच्या थैलीतून स्नायूच्या दोऱ्यात ओवलेली एक माळ काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. वाळून कडक झालेले कानाचे बारीक तुकडे होते. पाडसांना खूण घालताना कापलेले तुकडे जपून ठेवतात, तसे ठेवलेले. एक टोक, दोन खाचा. पुन्हा एक टोक, दोन खाचा.

"दर उन्हाळ्यात एक पाडस. शेवटची तीन मी कापली, बा गेल्यापासून. माझा हात वाकडा पडतो."

"आणि आधीची?"

"तूच बघ."

बघायची गरज नव्हती. बाच्या सुरीचा काप तिला अंधारातही ओळखता आला असता. एका दमात, कुठे फाटलेलं नाही. असे सोळा उन्हाळे.

"मला बोलला नाही कधी," इस्सात म्हणाला. "माळ कमरेला असायची. कुणी विचारलं तर अंगावर धावून जायचा."

राव्ना बोटाने एकेक तुकडा चाचपत राहिली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "यंदाचं पाडस कसं आहे?"

"पांढरं आहे," इस्सात म्हणाला. "आणि तुझ्यासारखंच, हाक मारली की उलट्या दिशेला जातं."