कावळ्यापुढं वाचलेली यादी

माझ्या धाकट्याला अक्कल कमी आहे हे मला ठाऊक होतं, पण लाजही बेताचीच असेल असं वाटलं नव्हतं. रोज घरून बारामतीला नोकरीला जातो, इस्त्रीचा सदरा घालतो, म्हणून काय मेलेल्या भावाचा फोन चार माणसांत उघडायचा?

थोरला ज्ञानेश डाळिंबाच्या बागेत फवारणी करता करता छातीत कळ येऊन गेला. दहाव्याला आम्ही सगळे वरकुट्याहून नदीवर गेलो. पिंड मांडले. कावळे बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली उतरेना. माणसाची इच्छा अडकली की कावळा पिंडाला शिवत नाही. मग जो तो हात जोडून शब्द देऊ लागला.

मी म्हणाले, "ज्ञानेश, तुझ्या बायकूला अंतर द्यायची न्हाय." माझे दीर सर्जेराव म्हणाले, "पोरा, तुझी बाग वाळू द्यायचो न्हाय." कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी घाम पुसू लागले.

तेवढ्यात धाकट्यानं, ऋषिराजनं, खिशातून ज्ञानेशचा फोन काढला. पाहुण्यांना निरोप द्यायला तो त्याच्याकडं ठेवला होता. म्हणाला, "दादाला काय पायजे व्हतं ते ह्यात हाय की!"

त्या फोनातल्या दुकानात आवडलेल्या वस्तूवर बदाम दाबला की ती यादीत जाऊन बसते. घ्यायची तेव्हा घ्यायची. आमच्याकडं सगळेच दाबतात. माझा गुडघ्याचा पट्टा कितीतरी दिवस असाच यादीत पडून होता, भाव उतरला तसा ज्ञानेशनं मागवला. म्हणून कुणी ऋषिराजला अडवलं नाही.

तो मोठ्यानं वाचू लागला. "फवारणीचा पंप. रेनकोट. आईला कानटोपी." माझ्या डोळ्यांना धार लागली. त्याचं वाचणं चालूच. "बायकांचा गाऊन. मखमली, जांभळा. साईज डबल एक्सेल."

गडीमाणसं खाली बघू लागली. शेजारची छबूबाई पदराआड खुदकली, "हौशी व्हता म्हणायचा!" ज्ञानेशची बायको सुप्रिया नदीकडं तोंड करून बसली होती. तिनं पदर कपाळावर ओढला आणि अंग चोरून घेतलं, जणू तिला सगळ्यांदेखत कुणी फुटपट्टी लावली होती. आणि हा शहाणा बाभळीकडं हात वर करून ओरडतोय, "दादा, वहिनीला गाऊन म्या घिऊन देतो, पर आता शीव!"

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. कावळा काही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी आल्या आल्या सुप्रिया लुगडी पिशवीत भरू लागली. मोरगावला, माहेरी निघाली होती.

"अगं, तेरावं तरी हुंदे."

"आत्या, आता ह्या गावात कुणाच्या नजरंला नजर देऊ?" पिशवीचा बंद ओढता ओढता तिचे हात थांबले. "त्यो गाऊन घ्यायचा नव्हताच. ह्यांनी बदाम दाबायचा, मी काढून टाकायची. सकाळी बघावं तर परत दाबल्याला. मी भाकरी थापताना एकटीच हसायची, तुमी म्हणायचा, काय खुळी झाली काय. भरल्या घरात आमाला बोलाय जागा कुठं व्हती? तेवढीच व्हती."

त्यांच्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. मी पुढं झाले. पिशवी तिच्या हातातून घेतली, खुंटीला टांगली, फोन तिच्या ओटीत ठेवला आणि ओसरीवर आले. ऋषिराज सर्जेरावांच्या शेजारी बसून चहा पीत होता.

"आई, म्या दादाच्या भल्यासाठीच केलं. कावळा शिवत नव्हता नं?"

"कप खाली ठेव आन ऐक. तुझं चुलतं बी ऐकू देत. भावाच्या खोलीचा पडदा तू घाटावर सगळ्यांदेखत वर केलास. त्यो फोन आता सुप्रियाचा. त्यात काय हाय, काय न्हाय, ह्ये तिला कुणी इचारायचं न्हाय, म्या बी न्हाय. आन ती मोरगावला जायची न्हाय. तेरावं झालं की तूच बारामतीला खोली बघ. ती आपणहून हाक मारंल तवा ये. तवर ह्यो उंबरा तुला बंद."