चार अंशांवरचा गाळ

कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर जळाला तो नेमका अशा दिवसांत, की बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. मेकॅनिकने आत डोकं घातलं, नाक मुरडलं, आणि पार्ट बाहेरून मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल, असं सांगून तो मोकळा झाला. चिंगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आठवडा म्हणे. दारावरचा काटा चार अंशांवरून अकरावर आला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. संस्थेत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे गाळवाली. तिला दोन्ही चालायचं, कारण उमेदीची सगळी वर्षं तिने खरोखरच गाळात घातली होती. ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाचा गाळ. तिकडच्या नद्या वर्षातला बराच काळ गोठून पडलेल्या असतात. उन्हाळा आला की सुटतात, काठची माती खरवडून समुद्रात ओततात, आणि ती माती तळाशी थरावर थर बसत जाते. जाड थर म्हणजे त्या वर्षी जमीन फार सुटली, पातळ थर म्हणजे थंडीने तिला धरून ठेवलं. चिंगीला एवढंच हवं होतं: पूर्वी तिकडची गोठलेली जमीन विरघळली होती, तेव्हा तिची माती समुद्रात जायला शेकडो वर्षं लागली, की एका माणसाच्या हयातीत सगळा खेळ आटोपला? आता ती जमीन पुन्हा विरघळायला लागली होती, आणि हाताशी किती वेळ आहे हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

याचं उत्तर कोल्ड रूमच्या कोपऱ्यातल्या सहा नळ्यांत होतं. कमरेइतक्या उंच प्लास्टिकच्या नळ्या, दोन्ही तोंडांना टोपणं. समुद्राच्या तळात पाईप खुपसून काढलेला एकच लांबलचक गाळ, तुकडे करून भरलेला. त्या अजून उघडल्या नव्हत्या. उघडल्या की गाळाला हवा लागते, रंग बदलतो, तो सुकायला लागतो. म्हणून थर टिपणाऱ्या यंत्रावर आपला नंबर लागेपर्यंत नळीला हात लावायचा नाही, अशी या धंद्यातली रीत. नंबर यायला दोन वर्षं गेली होती आणि आता तो पुढच्याच महिन्यात होता. दुसरा गाळ आणू म्हटलं तर ती जागाच उरली नव्हती. नंतरच्या हिवाळ्यात तिथला समुद्रतळाचा उतार घसरला आणि होतं नव्हतं ते खोल पाण्यात गेलं.

आणखी एक गोष्ट होती, ती संस्थेत कुणाला माहीत नव्हती. हा गाळ जहाजाच्या डेकवर आला त्या आठवड्यात तिचे बाबा गेले. जहाज बर्फात, परतायला वाट नाही. दवाखाना, शेवटचे श्वास, नंतरचं सगळं दादाने एकट्याने केलं. ती परत आली तेव्हा दार उघडून तो एवढंच म्हणाला, "आणलास का तुझा चिखल?" तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. चिंगी मनाला बजावत आली होती की या गाळातून काहीतरी निघेल, मग तो आठवडा फुकट गेला असं कुणी म्हणू शकणार नाही. कुणी म्हणजे ती स्वतः. बाकी कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

संचालक परिषदेला गेले होते. ते फोनवर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चिंगीने मग दिसेल त्या शीतगृहाला फोन लावला. औषधांच्या गोदामवाल्याने नियम ऐकवले. फुलांच्या व्यापाऱ्याने विचारलं, वास येतो का? चिंगीला खरं बोलायची खोड. थोडा येतो, म्हणाली, आणि फोन कट. भाजीच्या शीतगृहातली बाई तर हसलीच. "चिखल कधी नासतो होय?"

"नासतो," चिंगी म्हणाली. त्यात जुन्या पानांचे, मुळांचे कण असतात, ऊब मिळाली की बुरशी धरते, हे सांगता सांगता ती रडवेली झाली आणि त्या बाईचं हसू ओसरलं. जागा मात्र तिच्याकडेही नव्हती.

काटा चौदावर गेला तेव्हा चिंगीने दादाला फोन केला. दादा बंदराजवळ मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता.

"दादा, मी."

पलीकडे मोठ्या पंख्यांची घरघर. "बोल."

"तुझ्याकडे चार अंशांची खोली आहे ना?"

"ताज्या मासळीची आहे. काय ठेवायचंय?"

"चिखल."

मग तो म्हणाला, "घेऊन ये. मालकाचं मी बघतो."

टेम्पोतून नळ्या त्याने स्वतः उतरवल्या. हमालांना हात लावू दिला नाही. उभ्याच ठेवायच्या ना, बाण वरच ना, सगळं विचारून घेतलं आणि पडू नयेत म्हणून दोरीने रॅकला बांधल्या. नळीवर गाळ काढल्याची तारीख लिहिलेली होती. ती वाचताना तो जरा थांबला. चिंगीला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

"नाही."

"तोंड बघ केवढं झालंय. जा, आधी जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्टवाल्याच्या दुकानात हुज्जत घालत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. बोटी एकदम आल्या होत्या, मासळी आत घेताना दार सारखं उघडं राहत होतं, काटा नऊवर गेला होता.

"दादा, पाया पडते तुझ्या. काहीही कर, पण थंड ठेव."

"रडू नकोस. मी आहे ना."

'मी आहे ना' हे शब्द तिने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात तो हेच म्हणायचा. ती काउंटरला टेकून हमसून हमसून रडली. दुकानदार गोंधळला. त्याला वाटलं, बाई किंमत ऐकून रडतेय, आणि त्याने पार्ट तातडीने मागवायचं आपण होऊन कबूल केलं. त्या रात्री चिंगीला गाढ झोप लागली.

सकाळी ती कोल्ड स्टोरेजवर पोचली तेव्हा दादा दारातच उभा होता, कानटोपी घालून, नाकाचा शेंडा लाल. ती आधीच्या खोलीकडे वळली तर म्हणाला, "तिकडे नाही, आत चल." आणि जाडजूड दाराशी नेता नेता सांगत राहिला. मालकाशी चांगलंच वाजलं होतं. कोळंबीची खोकी हलवून त्याने जागा केली होती. मालक म्हणाला, नोकरी नको झालीय का? "म्हटलं, बहिणीचं काम आहे. नोकरी गेली तर गेली." दार उघडलं. "उणे पंचवीस. आता आठवडा कशाला, जन्मभर ठेव."

चिंगी उंबऱ्यातच थांबली.

नळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. वरची टोपणं उचकटून बाजूला लोंबत होती आणि गाळ फुगून तोंडाबाहेर आला होता. त्यात बर्फाच्या सुया चमकत होत्या. गाळात निम्मं तरी पाणी असतं. ते गोठलं की फुगतं, त्याच्या सुया आडव्यातिडव्या घुसतात, आणि नखाएवढे पातळ थर एकमेकांत कालवले जातात. ध्रुवाच्या समुद्राचा तळ कितीही गार असला तरी तिथे गाळ गोठत नाही. मासळी जितकी गोठवाल तितकी टिकते, गाळ एकदा गोठला की संपला. गाळवाल्यांत हे इतकं उघड असतं की कुणी कुणाला सांगत नाही. तिनेही सांगितलं नव्हतं.

"बघ कशा कडक झाल्यात," दादाने एका नळीवर टिचकी मारली.

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. छान झालं, म्हणावं आणि घरी जाऊन ऊर बडवावा. पण पुढच्या महिन्यात नळ्या उघडायची वेळ आली की तो विचारणारच होता.

"दादा, हे गोठवायचं नसतं."

त्याचा हात नळीवरच राहिला. "तू म्हणालीस, काहीही कर पण थंड ठेव."

"म्हणाले. तेवढंच म्हणाले."

"मग सावकाश वितळवू. मी बसतो इथे. मासा सावकाश वितळवला तर जसाच्या तसा..."

"याचं तसं होत नाही. माती राहिली, थर गेले. आता नुसता चिखल आहे."

"दुसरा आणता येईल. रजा काढून मी येतो तुझ्याबरोबर."

"ती जागाच राहिली नाही, दादा."

तो ऐकेना. उघड्या तळव्यांनी फुगलेला गाळ आत दाबू लागला, टोपण बसवू लागला. बोटं पांढरीफटक पडली तरी दाबत होता. चिंगीला त्याचा संताप आला. त्याला धरून गदागदा हलवावं असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्याएवढं आपलं माणूस आता जगात दुसरं नाही हेही कळत होतं. तिने त्याचे हात ओढून आपल्या काखेत धरले. ते लाकडासारखे ताठ आणि गार होते. तो रडत होता. बाबांच्या वेळी तो रडला होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"दोन वर्षं मी तुला नाही नाही ते बोललो मनातल्या मनात," तो म्हणाला. "काल म्हटलं, चला, हिचं एवढं तरी आपल्या हातून होऊ दे."

चिंगीने त्याचे हात आणखी घट्ट धरले.

मग दोन वर्षांत एकदाही न विचारलेलं त्याने विचारलं. "काय होतं गं त्यात?"

तिने तोंड उघडलं. त्या नद्या, तो उन्हाळा, सुटत जाणारी जमीन, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ते सगळं 'असेल' असं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कुणी बघितलंच नव्हतं अजून."