एलेनाची मैत्रीण

तुम्ही सगळ्या विचारता ना, की मेसमध्ये हेमलता आली की मी, म्हणजे तुमची रुपली, ताट उचलून दुसऱ्या टेबलावर का जाते, तर बसा, आज सांगूनच टाकते. फक्त मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते.

गेल्या वर्षी तुम्ही इथे यायच्या आधी मी आणि हेमलता एकाच रूममध्ये होतो. ती साक्रीकडची, घरी अहिराणी. मी शिरपूरच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची, आमच्या घरी पावरी बोलतात, आम्हा आदिवासींची भाषा. इथे देवपुरात कॉलेजला आले तेव्हा माझं मराठी एकदम पुस्तकातलं होतं, रिक्षावाल्याला म्हणायचे, 'मला महाविद्यालयात जावयाचे आहे', तो हसून हसून रिक्षा बाजूला घ्यायचा. अहिराणी मला हिनंच शिकवली, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. मग मी इतकी फाडफाड बोलायला लागले की हीच म्हणायची, "आते तुले कोनी वळखाव नही. तू आमनीच शे." आणि मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू.

तर इतिहासाचं प्रोजेक्ट आलं आणि मला विषय मिळाला इटलीतल्या ज्यू बायकांचा. मी म्हटलं, मॅडम, बदलून द्या ना, मला इटली म्हणजे पिझ्झा माहीत. मॅडम म्हणाल्या, आधी वाच. आणि वाचायला बसले तर उठवेना. शेकडो वर्षं त्या लोकांना शहरातल्या ठरलेल्या गल्लीत राहायला लावायचे, रात्री गल्लीचं फाटक बंद. मग एकोणिसाव्या शतकात फाटकं उघडली, आणि बायका काय सुटल्या अगं, शिकल्या, मास्तरणी झाल्या, पोरींसाठी शाळा काढल्या, बाकीच्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून मंडळं काढली, मताचा हक्क मागितला. त्यांना वाटायला लागलं, आपण आता इटलीच्याच, धर्म आपला घरात, बाहेर सगळ्या सारख्या. आणि १९३८ साली सरकारनं कायदा केला, ज्यू शिक्षक शाळेबाहेर, ज्यू पोरंही बाहेर. मला त्या कायद्यापेक्षा जास्त कशानं लागलं माहितीये? की शाळा तशाच भरत राहिल्या. बाकीच्या बाया आल्या, आपापल्या खुर्चीत बसल्या, तास घेतले.

त्यातूनच मी एकांकिका लिहिली, जळगावच्या युवक महोत्सवासाठी. एलेना नावाची शिक्षिका, नाव माझं, बाई माझी, पण अशा खूप होत्या. तिनं मैत्रिणींबरोबर शाळा उभी केलेली असते, आणि शेवटच्या सीनमध्ये तिला स्टाफरूममधून जायला सांगतात. एलेना मीच करणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, वाचन व्हायचं तेव्हा एलेना मीच वाचायचे, आंघोळीला बादली भरत असले तरी तिचीच वाक्यं तोंडात. मला आयुष्यात काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

हेमलता लुइसा करणार होती, एलेनाची मैत्रीण. रूमवर मी तिला शेवट वाचून दाखवला, एलेना एकटी दारातून बाहेर जाते, बाकीच्या बसून राहतात, तर ही भडकली.

"इतक्या बाया बठेल शेतस आन् कोनीच बोलत नही?"

"बहुतेक नव्हत्याच बोलत गं."

"मंग मी बोलसू. माले एक वाक्य लिखी दे."

मी म्हटलं, खोटं होईल. ती म्हणाली, "खोटं काय त्यात, मी ऱ्हातू तर मी उठतू." आणि मला तिचं इतकं भारी वाटलं ना त्या वेळी. मी लिहून दिलं. लुइसा उठते, म्हणते, 'एलेना जात असेल तर मीही जाते', आणि दोघी हात धरून बाहेर.

आणि हे पण ऐका, त्याच आठवड्यात तिचा भाऊ विक्रम होस्टेलच्या गेटवर आला, बॅग भर म्हणाला, आम्ही पोरीला नाटकात नाचायला नाही ठेवलं. ही कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मी गेले खाली. म्हटलं, "भाऊ, नाचायचं नाहीये, शाळा शिकवायचीये. साडी तर तुमच्या मास्तरणीपेक्षा खाली नेसवू." तो म्हणाला, तू कोण? मी म्हटलं, मी तिची रूममेट, आणि ती गेली तर मीही नाटक सोडते. वॉचमनकाकांनी पण समजावलं, शेवटी गेला तो. बघा, मी म्हटलं होतं ते. गेटवर, खऱ्याखुऱ्या माणसासमोर.

मग नाटक बसवायला दीपकदादा आला जळगावहून. त्यानं दोन वाचनं ऐकली, आणि सगळ्यांना हॉलमध्ये गोल बसवून म्हणाला, "रुपली, लिहिलंस जबरदस्त. पण एलेना रोशनी करेल."

रोशनी रावेरची, केळीवाल्यांची पोर, गोरीपान, घारे डोळे. तीच दचकली. म्हणाली, "दादा, मला तर पाठांतरच होत नाही."

"होईल. बाई इटलीची आहे, पडदा उघडला की परीक्षकांना तिथेच पटलं पाहिजे. लूक लागतो."

मी म्हटलं, "दादा, पण तिला दिसण्यावरून नाही काढलं. ती बाकीच्यांसारखीच दिसायची, तेच तर आहे नाटकात. बघून कुणाला कळतच नव्हतं."

"ते वाचणाऱ्याला कळतं गं. बघणाऱ्याला डोळे असतात. तू मारिया कर ना, शाळेतली शिपाईबाई. रोल छोटा आहे पण पॉवरफुल. तू दार लावलंस की लाइट ऑफ, म्हणजे शेवट तुझ्याच हातात."

मागून कोणीतरी म्हणालं, पावडर लावू की तिला, आणि दोघीतिघी हसल्या. वाईट मनानं नाही, असंच. मी गोलात बघितलं. सगळ्या स्क्रिप्टमध्ये बघत होत्या. मग मी हेमलताकडे बघितलं. ती पानं उलटत होती, पुढे, मागे, जणू तिचं काहीतरी हरवलंय त्यात. मी थांबले. खरंच थांबले, मला वाटलं आता उठेल, आता म्हणेल. दादा म्हणाला, चला, पहिल्यापासून. आणि ती उठून आपल्या जागेवर गेली.

रूमवर मी विचारलं, तू काही बोलली नाहीस.

"मी काय बोलू? दादा डायरेक्टर शे. आन् घरमा मी सांगेल शे ना आते, मन्हा रोल गया तर विक्रमभाऊ हासी. तुन्हा रोल बी भारीच शे."

मी भांडले नाही. मी पेन घेतलं आणि तिच्या स्क्रिप्टमधलं ते वाक्य खोडलं. म्हटलं, शेवट पहिल्यासारखा केलाय. एलेना एकटी जाते, तू बसून राहा.

"अवं, मन्हं एकच तर वाक्य व्हतं ते."

"बसून राहा फक्त. जमतं तुला."

दादाला पण तोच शेवट आवडला, म्हणाला, टाइट झालं. तसंच बसवलं आम्ही.

जळगावला आमचा नंबर दुपारी आला. हॉल गच्च, मागे पोरं उभी. रोशनी छान करत होती हां, खोटं नाही बोलणार, दोन ठिकाणी अडकली तेव्हा मी झाडू मारता मारता हळूच वाक्य दिलं. मग शेवटचा सीन. रोशनीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी तिला कोट दिला. माझा एलेनाचा कोट, तो मीच बाजारात हिंडून आणला होता, बाह्या मीच आखूड केल्या होत्या. ती दाराकडे गेली. दार म्हणजे काय, नुसती लाकडी चौकट आणि एक फळी. ती बाहेर पडली, विंगेत गेली. आता मी फळी लावायची आणि अंधार.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज.

हेमलता उठली होती. समोर प्रेक्षकांकडे तोंड करून, काय खणखणीत आवाज लावला होता तिनं, "एलेना जात असेल, तर मीही जाते."

अगं टाळ्या. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिचे डोळे भरलेले, खरे भरलेले, हनुवटी वर, आणि ती तशीच उभी राहिली, मी दार लावायची वाट बघत. कारण दार लागलं की अंधार, आणि अंधारात ते वाक्य तेवढं राहणार, बाकी कुणाला काही करायला नको.

माझा हात फळीवर होता. मी नाही लावली.

टाळ्या थांबल्या. विंगेतून दीपकदादा हातवारे करत होता, लाव, लाव. मी फळी पूर्ण उघडी धरली आणि म्हटलं, "या ना बाई. दार उघडं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. चार पावलांवर दार होतं गं, नुसती चौकट, बाजूला भिंतसुद्धा नाही. मी धरून उभी. मला खरंच वाटत होतं तिनं यावं. नाटक गेलं चुलीत, तिनं नुसतं चालत यावं.

तिची हनुवटी खाली आली. तिनं हातानं खुर्ची चाचपली आणि बसली.

मी दार लावलं.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक बाई म्हणाल्या, ते वाक्य बोलून परत बसणं, हे लिहायला धाडस लागतं. दीपकदादा म्हणाला, हे कधी बसवलं तुम्ही दोघींनी, मला सांगायचं तरी. रोशनीनं ट्रॉफी माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि पुढे जाऊन बसली.

परतीच्या एसटीत हेमलता माझ्या शेजारी आली. एरंडोल मागे पडलं. मग म्हणाली, "मी तुन्हासाठेच बोलनू ना ते. तुले समजनं नही का?"

माझ्या तोंडात अहिराणीच आली होती, मी गिळली. मी तिला पावरीत उत्तर दिलं. सगळं, गेटपासून हॉलपर्यंत, आई जशी बोलते तसं, सावकाश. मोठं उत्तर होतं ते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हननी तू?"

इतके दिवस एका खोलीत राहिलो, आणि मी माझ्या भाषेत काय म्हणते हे तिनं तेव्हा पहिल्यांदा विचारलं.