रॉडवर काय चढवायचं

कुंभार पिंपळगावच्या जिनिंगमधून भारतनं रॉड आणला. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा. मुनीरच्या प्लेटिंगच्या शेडमध्ये दोघांनी तो आडवा ठेवला. अंगभर ओरखडे, त्यातून तेल गळायचं, गाठींवर डाग पडायचे.

"अफ्रीन, तू शिकलेली पोरगी. सांग, यावर काय चढवू? घासू नये, झिजू नये. आन् जल्दी पायजे, आवारात कापूस येऊन पडलाय," भारत मुनीरच्या पोरीला म्हणाला.

अफ्रीन एकेक नाव घेत गेली. टेफ्लॉन घातलेलं निकेल. गुळगुळीत, पण मऊ. प्रेसपुढं टिकत न्हाई.

तो सोनेरी थर, ड्रिलवर असतो तसला. कडक खरा. केसाहून बारीक; ओरखडे कशानं भरणार?

कार्बाइडचा फवारा. उत्तम. संभाजीनगरला पाठवावा लागेल, तिथं रांग.

आणि

चौथं नाव तिनं घेतलंच नाही. तिच्या पाठीमागं अब्बांची क्रोम चढवायची टाकी होती. त्या टाकीच्या वाफेनं मुनीरच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, सोडा. मुनीर म्हणाला, काम येतंय तोवर न्हाई. नाकात झणझणलं की पंखा लावायचा, ही त्याची जुनी रीत. आता नाकात काहीच झणझणत नव्हतं. म्हणून पंखा बंद, आणि तो कौतुकानं सांगायचा, माझी टाकी बिलकुल साफ झाली.

काम थांबलं तरच टाकी थांबणार होती. आणि काम म्हणजे जिनिंगवालेच.

"कार्बाइड करा," ती म्हणाली.

"आन् तवर प्रेसवर मी बसू का? क्रोमच द्या. मागं चाचांनीच केल्तं, कितीक हंगाम चाललं."

"क्रोम न्हाई टिकणार, भारतभाऊ. मागचं बी सुटून राह्यलंय. म्हणून तर तेल गळतंय."

खोटं होतं. क्रोम कुठंच सुटलं नव्हतं. तेल अडवणाऱ्या फाटक्या सीलमधून माती आत गेली होती, तिचे ओरखडे होते.

भारत हसला. "काय चाचा, घरातच बदनामी चालू झाली का तुमची?"

अफ्रीननं अब्बांकडं पाहिलं. अब्बा आता एका वाक्यात तिला गप्प करतील. करावं, असंही तिला वाटून गेलं.

"पोरगी बराबर बोलती," मुनीर म्हणाला. "घेऊन जा रॉड. आन् दुसऱ्या जिनिंगवाल्यायला बी सांग, मुनीरनं केलेले रॉड एकदा तपासून घ्या म्हणावं."

भारतचं हसू गेलं. तो टेम्पो मागं घ्यायला बाहेर पडला.

मुनीर खाली बसला. सदऱ्याला चष्मा पुसला, रॉडवर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"क्रोम कहां से निकला, बेटा? बता जरा. मेरे को नजर न्हाई आ रहा."

दाखवायला काहीच

अफ्रीननं एका ओरखड्यावर बोट ठेवलं.

मुनीरनं तिथं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. बराच वेळ तो त्या जागेवर वाकून राहिला.

"हां," तो म्हणाला. "दिख गया."