साडूची सुई

शहाद्यात 'मिस्तरी' म्हटलं की एकच माणूस समजायचा, वाहिद. सरकी काढायचं यंत्र असो, विहिरीवरचं तेलाचं इंजिन असो की मामलेदाराच्या घरचं कुलूप असो, निरोप त्यालाच जायचा. मग त्याची धाकटी मेहुणी साबिरा हिचं लग्न अनीसशी झालं, अनीस सुरतेच्या मोटारखान्यातली नोकरी सोडून शहाद्याला आला, आणि लोक विचारायला लागले, "कोनता मिस्तरी? मोठा का धाकला?"

मोठा म्हणवून घेण्यात मान असतो, असं वाहिदच्या बायकोचं, सालेहाचं म्हणणं. वाहिदला तो मान पायात रुतलेल्या काट्यासारखा होता. जोवर दुसरा येत नाही तोवर कुणाला मोठा म्हणत नाहीत, एवढं त्याला कळत होतं.

सासुरवाडीला तर पाहायलाच नको. रश्श्यातलं नळीचं हाड थोरल्या जावयाच्या ताटात वाढायचं, ही सासूची, अख्तरबानोची, पहिल्यापासूनची रीत. गेल्या ईदेला ती म्हणाली, अनीस बिचारा सुरतेहून वाळून आलाय, आणि हाड तिकडे गेलं. वाहिदनं तोंडानं माशाअल्ला म्हटलं आणि मनात नोंद करून ठेवली. त्याच्या मनातल्या असल्या नोंदी कधी खोडल्या जात नसत.

अशात कळसाडीच्या गुलाबसिंग बापूंनी फटफटी घेतली. उसाचे मळे कळसाडीला आणि लाकडाचा ठेका तोरणमाळावर, त्यामुळे बापूंचा जीव कायम दोन ठिकाणी टांगलेला. फटफटी लहान चणीची, कुण्या साहेबाची वापरलेली. सपाटीवर हरणासारखी पळायची, पण घाटाच्या अर्ध्यात काळा धूर ओकून खोकायची आणि बसायची. मग ठेक्यावरची माणसं तिला ढकलत वर न्यायची, आणि बापू पाठीमागून धोतर सावरत चालायचे. सगळा डोंगर हसायचा.

वाहिदनं निदान केलं ते बैलावरून. चढावर बैलाला सरकीची ढेप जास्त लागते, तसं फटफटीला पेट्रोल जास्त. त्यानं कारबेटरमधल्या तोटीचं भोक तारेनं घासून मोठं केलं. पुढच्या खेपेला फटफटी अर्ध्या घाटातही पोचली नाही, पायथ्यालाच बसली.

अनीसनं ऐकलं आणि उलटच सांगितलं. वर हवा विरळ असते, हवा कमी तर पेट्रोलही कमी द्यायला हवं, नाहीतर इंजिनाचा गळा भरतो. त्यानं सुरतेहून नवी तोटी मागवली आणि कारबेटरची सुई एक खाच उतरवली. सुई जितकी खाली बसेल तितकी पेट्रोलची वाट अरुंद, असं त्यानं बापूंना बोटं जुळवून समजावलं. बापूंनी ते गावभर केलं. पंधरा दिवस शहाद्यात ज्याच्या त्याच्या तोंडी अनीसची सुई.

बापूंनी एक गोष्ट आणखी जाहीर केली. कळसाडीला उसाच्या चरकावर बैलांऐवजी तेलाचं इंजिन बसवायचं आहे. ज्याच्या हातानं फटफटी न थांबता तोरणमाळ चढेल, इंजिनही त्याच्याच हाती. वाहिदला भूक लागेना. चरकाचं इंजिन म्हणजे साऱ्या तालुक्याच्या डोळ्यांपुढचं काम. ते अनीसकडे गेलं, की मोठा मिस्तरी हा नुसता वयानं मोठा.

फटफटी वाहिदच्याच दुकानात उभी होती, कारण अनीसला स्वतःचं दुकान नव्हतं. हीही एक नोंद. शुक्रवारी दुपारी अनीस नमाजाला गेला. वाहिदनं पोट दुखण्याची सबब सांगितली, जी अगदीच खोटी नव्हती, आणि कारबेटरचं झाकण उघडलं. जास्त पेट्रोलनं गाडीचा गळा भरतो हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. म्हणजे साडूनं उतरवलेली सुई वर चढवायची, की झालं.

आता या सुईला त्यानं जन्मात कधी हात लावलेला नव्हता. सुईच्या डोक्याशी खाचा, आणि एका खाचेत बारीक चिमटी अडकवलेली. वाहिदनं चिमटी वरच्या खाचेत घातली. वर म्हणजे वर. पण सुई लोंबते ती त्या चिमटीवर. चिमटी डोक्याकडे सरकली, की सुई तेवढी आणखी खाली जाते. साडूचं बिघडवायला गेला आणि पेट्रोल आणखी कमी करून बसला. अनीसनं उतरवलेली एक खाच घाटाला पुरणार नव्हती. दुसरी वाहिदनं उतरवून दिली.

बापू तोरणमाळाला गेले ते थेट माथ्यावरच्या तलावाच्या काठाशी जाऊन थांबले. परत येऊन त्यांनी दुकानात फटफटी उभी केली, मिशा पुसत.

"एकदाबी खोकलनी नही," ते म्हणाले. "अनीस, जितनास तू."

वाहिद पान्हे पुसत राहिला. पुसलेलेच पान्हे.

सपाटीसाठी सुई पुन्हा वर घ्यावी म्हणून अनीसनं झाकण उघडलं आणि थबकला. चिमटी त्यानं बसवली होती त्या खाचेत नव्हती. त्यानं वाहिदकडे एकदा पाहिलं. मग बापूंना म्हणाला, की शेवटचा हात भाईजानचा आहे, माझ्या एका खाचेनं गाडी चढली नसती.

शिवी दिली असती तरी वाहिदला एवढी झोंबली नसती. पण कौतुक दारात आलं तर परत कोण पाठवतो? तो फुगला. आपण गाडीला जास्त पाजलं आणि ती चढली, म्हणजे आपलं पहिलंच खरं होतं, असं त्यानं तिथल्या तिथे जमेला धरलं.

"चढनारा बैलले ढेप जास्तच लागस, बापू," तो म्हणाला.

बापू खूश झाले.

"मंग आते तुमीच नीट करी द्या, मिस्तरी. सकाय प्रकाशाले जानं शे."

बापूंनी नुसतं मिस्तरी म्हटलं होतं. मोठा नाही, धाकला नाही. वाहिदनं सुई हातात घेतली. चिमटी वर नेली होती, आता सपाटीला खाली आणायची, असा त्याचा साधा हिशेब. आपल्या चुकीच्या वाटेनंही तो बरोबर ठिकाणी पोचत होता. तेवढ्यात अनीस वाकून हळूच म्हणाला, "चिमटी खाली ल्या, भाईजान."

वाहिदचा हात थांबला. खाली आणणारच होतो, पण आता आणली तर ती अनीसनं सांगितली म्हणून आणली असं होणार. आणि साडू आपल्या भल्याचं कशाला सांगेल? त्यानं चिमटी आणखी एक खाच वर नेली आणि झाकण आवळलं.

दुसऱ्या दिवशी फटफटी बैलगाडीत बसून आली. प्रकाशा गावात, तापीकाठी, यात्रेकरूंच्या देखत, फटाफट शिंकत बंद पडली होती. बापूंचा चेहरा उन्हानं आणि लोकांच्या हसण्यानं लाल झालेला. अनीसनं झाकण काढलं, चिमटी जागेवर आणली, गाडी एका लाथेत सुरू केली. मग वाहिदकडे न पाहता म्हणाला, की पेट्रोलमध्ये कचरा आला होता, भाईजानची चूक नाही.

पुन्हा यानंच वाचवायचं? पुन्हा यानंच भलं व्हायचं? आणि पेट्रोल गाळण्यात शहाद्यात आपला हात धरणारा कोणी नाही, त्यालाच हा कचरा म्हणतो?

"त्यामा कचरा नव्हता," वाहिद ताडकन म्हणाला. "मी सोता फडकामा गाळेल शे."

बापूंनी फटफटी बंद केली.

"मंग बंद कसामुये पडनी, मिस्तरी?"

वाहिदनं अनीसकडे पाहिलं. या वेळी अनीस हात पुसत होता, आणि मदतीला आला नाही.