लिगीचा वाफा

परदेशातून कुणी शेती शिकायला आपल्या पाड्यावर येणार आहे, असं पंढरी मास्तरांनी सांगितलं तेव्हा आम्ही उंच, गोरीपान बाई येईल असं धरून चाललो होतो. तिच्यासाठी शाळेतली खुर्ची अंगणात आणून ठेवली होती. बोईसरच्या एसटीतून उतरून तीन मैल चालत आली ती बुटकी, सावळी, धुळीने पाय भरलेली पोरगी. नाव लिगाया. ठकीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला खालून वर न्याहाळलं.

"ही तर आपल्यातलीच दिसते. न्या मास्तर, खुर्ची न्या तुमची."

ते साल चौऱ्याऐंशी. महिना माघ. लिगायाचा देश फिलिपाईन्स. तिथेही भातच खातात, आणि तिचा बाप आमच्यासारखाच चिखलात उभा राहणारा. आधी सहा महिने ती कोकणातल्या एका शेतकी कॉलेजात राहिली होती, तिथे मोडकंतोडकं मराठी शिकली. आठ दिवसांत आमच्याकडे तिची लिगी झाली. मला बाबा म्हणायची आणि ठकीला आई.

तिला शिकायचं होतं ते असं. आम्ही भाताचं आवण, म्हणजे रोपं, करायच्या जागेवर आधी राब भाजतो. ऐनाच्या फांद्या, पाला, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि वैशाखात पेटवायचं. तण मरतं आणि राख मिळते. लिगीच्या कॉलेजातल्या गुरुजींचा प्रश्न होता, की तोच पाला न जाळता कुजवून घातला तर रोप तसंच येईल का? आलं तर दरसाल एवढी झाडं छाटायला नकोत. म्हणून तिने माझ्या शेतात दोन वाफे लावले. एक माझ्या पद्धतीचा, भाजलेला. त्याच्या शेजारी तिचा, कुजवलेल्या पाल्याचा. बी एकच, पेरायचा दिवस एकच.

दोन्ही वाफे उगवले. दहाव्या दिवशी माझा हिरवा झाला आणि तिचा पिवळा पडला. गवत तर रोपांच्या वर डोकं काढून उभं. लिगी सकाळ-संध्याकाळ तिथे उकिडवी बसायची, पट्टी लावून रोपं मोजायची आणि वहीत लिहायची. जेवणावरून तिचं मन उडालं. ठकीने तारापूरचा सुका बोंबील भाजून पुढे ठेवला, तरी अर्धी भाकर टाकून उठली.

"डोकऱ्या, पोरगी वाळली," ठकी मला, तिच्या म्हाताऱ्याला, म्हणाली. "तिची आयस आपल्याला काय म्हणंल?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीतली राख टोपलीत भरली आणि लिगीच्या वाफ्यावर हलक्या हाताने पसरली. वरून सर आली, मागमूस राहिला नाही.

आठवड्यात वाफा पोपटासारखा हिरवा झाला. लिगी बांधावर नाचली. त्या दुपारी तिने तीन भाकरी खाल्ल्या आणि गुरुजींना लांबलचक पत्र लिहायला बसली. पाड्यावर सगळे खुशीत होते, मी सगळ्यांत जास्त.

मग एका दुपारी आम्ही दोघं फुटलेला बांध घालत होतो. चिखल थापता थापता ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी माझे बाबा सगळं आवण असंच करणार. सगळं. मी पत्र टाकलं. मी सांगितलेलं ते ऐकतात."

माझा हात थांबला.

"किती जमीन हाय तुझ्या बाबाला?"

"तुमच्याएवढीच."

त्या संध्याकाळी घरी येताना मी तिच्या वाफ्यापाशी थांबलो. आवण बसलं की वर्ष बसलं, हे मला कुणी शिकवायला नको. सांगावं तर पोरीची सहा महिन्यांची मेहनत मातीत. न सांगावं तर ज्याचं तोंडही मी बघितलं नाही असा एक माणूस माझ्या राखेच्या भरवशावर सगळं बी टाकणार, आणि त्याच्याकडे राख टाकायला मी नसणार.

सकाळी सांगितलं. "लिगी, तुझ्या वाफ्यात मी राख घातली."

"किती?"

"एक टोपली."

चुलीपाशी ठकीची फुंकणी थांबली. "मी शेण कालवून घातलं," ती पाठमोरीच म्हणाली. "दोनदा."

ते मलाही ठाऊक नव्हतं. लिगी उठली आणि शेजारच्या जिवल्याला बोलावून घेऊन आली. तो शेळ्या राखतो. दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला.

"लेंड्या," तो म्हणाला. "फार नाय, दोन पाट्या."

त्याच्या मागून त्याची बायको मंगळी म्हणाली, "मी कायच घातलं नाय. निस्तं गवत काढलं. रोज."

"तुम्ही माझं शिकणं बुडवलं," लिगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"बुडवलं कुठं?" जिवल्या म्हणाला. "हिरवं केलं."

कुणी हसलं नाही. ती बाहेर गेली आणि दुपारपर्यंत वाफ्यापाशी बसून राहिली. मग ती आली, हातपाय धुतले, वही उघडली आणि एकेकाला विचारायला लागली. कोणत्या दिवशी, कितीदा, टोपली केवढी. मंगळीला विचारलं, "गवत किती?"

"पदरात मावंल एवढं."

लिगीने तेही लिहिलं. लिहिता लिहिता तिच्या तोंडावर हसू फुटलं, तसं मंगळीने पदर तोंडात कोंबला आणि मग सगळेच हसलो. संध्याकाळी लिगीने दोन पत्रं लिहिली. एक गुरुजींना, एक बापाला, की थांबा.

तिचे नऊ दिवस उरले होते. तेवढ्यात नवा वाफा होणार नव्हता. जाताना तिने मोजायची पट्टी माझ्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी तुम्ही करा, बाबा. कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"मला लिहिता येत नाय."

"वर्ष आहे," ती म्हणाली.

मी पन्नाशी उलटलेला. दुपारी शाळा सुटली की मास्तरांपुढे ओटीवर पाटी घेऊन बसायचो. पोरं खिडकीतून बघायची. ठकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "या वयात डोकऱ्याला अक्षरं फुटली." दिवाळीपर्यंत आकडे आले, शिमग्यापर्यंत नाव.

पुढच्या पावसात दोन वाफे केले. पाला या वेळी जास्त कुजवला होता, तरी लिगीचा वाफा पिवळा पडलाच. अक्षरं शिकण्यापेक्षा हात आवरणं जड गेलं. मंगळी गवताकडे बघायला नको म्हणून लांबच्या वाटेने पाण्याला जायची. जिवल्या एकदा टोपली घेऊन आलाच.

"एवढीशी, देवूदादा."

"नाय."

"लिगीला कळणार नाय."

"तिच्या बाबाला कळंल."

तो टोपली घेऊन परत गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एकविसाव्या दिवशी पट्टी लावली. माझा वाफा बावीस सेंटिमीटर, तिचा पंधरा. मी वही घेऊन बसलो तर ठकी येऊन शेजारी टेकली.

"वीस लिही. पोरगी लांब हाय. तिला बरं वाटंल."

"अठरा तरी," कुडाबाहेरून जिवल्या म्हणाला.

मलाही तेच वाटत होतं. पंधरा वाचताना तिचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं. पेन्सिल कागदावर टेकवली. मग लिहिलं.

"लिगी, तुझा वाफा पंधरा. माझा बावीस. गवत पुष्कळ. या खेपेला कुणी हात लावला नाही. तुझ्या बाबांना सांग, सगळं आवण असं करू नका. एका कोपऱ्यात करून बघा. मीही पुढल्या साली पुन्हा करतो."

खाली मास्तरांनी तेच इंग्रजीत लिहिलं आणि पत्ता घातला. बोईसरच्या पोस्टात पाकीट टाकून मी घरी आलो, तर ठकी फुगून बसली होती.

"सतरा तरी लिहायचं होतं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे भाकर वाढली.